तीन घरांतला एक सोफा

अंबिका साळसकरच्या गॅलरीत रोज सकाळी सहाशे चपात्या भाजल्या जात, आणि दिवाळीनंतर एकही भाजली जाणार नव्हती. कारण साधं होतं. तिसऱ्या मजल्यावर कोणाचा तरी वाळत घातलेला पडदा शेगडीवर पडला, पेटला, आणि विझवणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त जमले. दुसऱ्या दिवशी चाळ कमिटीने नोटीस लावली की दिवाळीनंतर गॅलरीत शेगडी चालणार नाही. नोटीस लिहिणाऱ्या सेक्रेटरीच्या डब्यातल्या चपात्याही अंबिकाच्याच असत. पण नियम म्हणजे नियम, असं त्याने तोंडातला घास गिळून सांगितलं.

घोडपदेवच्या त्या चाळीतल्या आठ बायकांचा हा उद्योग. गटाचं नाव ‘उगवती महिला बचत गट’. उगवून सात वर्षं झाली होती, वर मात्र काही आलं नव्हतं. चपात्या परळच्या ऑफिसांत आणि लालबागच्या दोन खानावळींत जात. त्यावर आठ घरांतला किराणा, चार मुलांच्या क्लासच्या फिया आणि एका सासूच्या डोळ्यातले थेंब चालत. म्हणजे गॅलरी गेली की थेंबसुद्धा गेले.

तळमजल्यावर एक व्यायामशाळा होती. तिथे व्यायाम करणारं कोणी उरलं नव्हतं. शेवटचा पैलवान गुडघ्याचं ऑपरेशन करून मुलाकडे विरारला गेला होता. ती चालवणाऱ्या मंडळाने अंबिकाला शब्द दिला, "दिवाळीपर्यंत ओटा, धुराडं नि वायरिंग करून घ्या, जागा तुमची. नायतर कुरिअरवाला गोडाऊनसाठी मागतोय." ओटा, धुराडं आणि वायरिंग मिळून जो आकडा होत होता, तो गटाच्या बचतीत कुठेच बसत नव्हता.

अशा वेळी बँक आली.

बँक म्हणजे ट्रेव्हर परेरा. राहणार गिरगाव, वय एकोणतीस, केस चापून बसवलेले, आवाज असा की समोरच्याला वाटावं याचंच कर्ज थकलंय. नाक्यावरच्या शाखेत तो लॉकर सांभाळायचा. समुदाय विकास अधिकारी कोणाला करायचं यावर मीटिंग झाली त्या दिवशी तो अक्कलदाढ काढायला गेला होता. परत आला तेव्हा त्याचा गाल सुजलेला होता आणि तो अधिकारी होता.

हेडऑफिसने त्याला एक संच पाठवला होता. पिशवीत दोनशे बारा पानांची फाइल, ‘गरीब वस्त्यांच्या विकासासाठी बँकांची संसाधने’. त्यातली पहिली साठ पानं शेळीपालनावर. शिवाय एक मोजपट्टी, बारा शाळकरी रंगीत खडू आणि एक शिट्टी. शिट्टी कशासाठी, हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं. ट्रेव्हरने हेडऑफिसला मेल टाकून विचारलं, तर उत्तर आलं की शिट्टी मिळाल्याची पोच द्यावी.

"ताई, शेळ्या सोडून द्या," तो अंबिकाच्या दारात उभा राहून म्हणाला. "पान एकशे सात बघा. प्रत्येक वॉर्डात एक स्वयंपाक केंद्र. ओटा, धुराडं, शेगड्या, कणीक मळायचं मशीन, सगळं बँक देते. परत करायचं नाही."

"परत करायचं नाही?" अंबिकाने तीनदा विचारलं.

"नाही."

"मग बँकेला काय मिळतं?"

"रिपोर्ट," ट्रेव्हर म्हणाला.

केंद्र कोणत्या वस्तीला द्यायचं हे पाहणीवर ठरणार होतं. हेडऑफिसच्या श्रेया मॅडम रविवारी येऊन गटातल्या तीन घरांत बसणार, टॅबवर प्रश्न भरणार, आणि मग टॅब गुण देणार. साठच्या वर गुण आणि वॉर्डात पहिला नंबर आला की केंद्र मिळालं. गुण कशाला, हे मात्र ट्रेव्हरला तोंडाने सांगता येईना. चांगल्या घरातला मुलगा, समोर चहा ठेवलेला, आणि त्या बाईला तुम्ही गरीब दिसायला पाहिजे हे कसं सांगणार? तो चहा संपवून उठला आणि जिन्यावरून म्हणाला, "घर नेहमीसारखंच ठेवा हं ताई. खास काही करू नका."

आता, या चाळीत आजवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याने हेच म्हटलेलं होतं. मुलगी बघायला येणारे हेच म्हणतात, व्याही हेच म्हणतात, गावाहून येणारे काका फोनवर हेच म्हणतात. आणि त्यानंतर चाळीत काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. एकाकडच्या खुर्च्या, दुसरीकडचे काचेचे ग्लास, तिसरीकडची चादर, असं करत एका घराचं घर उभं राहतं. पाहुणे गेले की ते घर वाटणीसारखं आपापल्या ठिकाणी परत जातं.

पण संघमित्रा हुशार होती. गटाचा हिशेब आणि पत्रव्यवहार तीच बघायची, बी.कॉम. झालेली, तोंडाने फटकळ. तिने ट्रेव्हरची फाइल घरी नेऊन शेळ्यांसकट वाचली आणि शुक्रवारी बैठक बोलावली.

"नीट ऐका," ती म्हणाली. "गुण गरिबीला आहेत. घरात फ्रिज असला की सात गुण कमी. टीव्हीचे पाच कमी. बसायला खुर्ची नसली की चार जास्त. छत गळत असलं तर दहा! कोणाचं गळतं?"

"माझं," अक्षदा म्हणाली. ती सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायची.

"वा! अभिनंदन!"

"पण मी आत्ताच ताडपत्री घातली गं."

"काढ!"

"आणि पाऊस आला तर?"

"तर बारा गुण!"

बायका हसल्या. मग अंबिका म्हणाली, "म्हणजे रविवारी घरात कायच नसायला पायजे?"

"जे आहे तेवढंच. नवरा, पोरं, स्टोव्ह. चहा द्यायचा, पण कानतुटक्या कपात. बशी नको. बशी दिली की त्यांना वाटतं बरं चाललंय."

"बशी पण नको?" एका कोपऱ्यातून कळवळून आवाज आला.

पाहणीसाठी अंबिका, अक्षदा आणि संघमित्रा यांची घरं ठरली, आणि मतदान झालं. आठ विरुद्ध शून्य मतांनी गटाने गरीब राहायचं ठरवलं. असा एकमताचा ठराव गटात पहिल्यांदाच झाला होता. अंबिकाने त्यावर सही केली तेव्हा तिला आत कुठेतरी बरं वाटलं. ओटा तिच्या डोळ्यांसमोर दिसायला लागला होता. काळा कडप्पा, वर टाइल्स, उभं राहून लाटायचं. सात वर्षं ती गॅलरीच्या लादीवर मांडी घालून लाटत होती आणि डॉक्टरने तिला मांडी घालायला बंदी केली होती.

शनिवारी संध्याकाळी तिने घर पाहिलं. दहा बाय बाराची खोली, भिंतीला ओल, पोपडे निघालेले, पत्र्याचं कपाट. बाई येणार, त्या कपाटाकडे बघणार, टॅबवर काहीतरी टिक करणार. नवरा दीपक समोरच्या टॉवरवर वॉचमन, तो ड्युटीवर. सांगायलाही कोणी नव्हतं. अंबिकाला वाटलं, बाकीच्या दोघी गरीब दिसणारच आहेत. दोघींची गरिबी पुरेशी आहे. आपण एकटीने थोडं नीट केलं तर टॅबला काय फरक पडतोय?

ती तळमजल्यावर रघुदादाकडे गेली.

रघुदादा एकेकाळी गिरणगावातल्या हौशी नाटकांना सेट लावायचा. अंधारात बत्तीस सेकंदांत वाड्याचं जंगल करायचा. आता निवृत्त होता, पण चाळीतला एकमेव सोफा त्याच्याकडे होता. मरून रंगाचा, तीन माणसांचा, कुठल्याशा नाटकाच्या तिसऱ्या अंकातून आलेला.

"रघुदादा, उद्या तासभर..."

"ने की," रघुदादा म्हणाला. "कोणाला बोलू नको फक्त."

तो असं का म्हणाला हे अंबिकाला तेव्हा कळलं नाही. तिच्याआधी अक्षदा येऊन गेली होती. तिच्यानंतर संघमित्रा आली. माणूस नाही म्हणायला शिकलाच नव्हता, आणि बत्तीस सेकंदांवर त्याचा अजून विश्वास होता.

रविवारी अकराला श्रेया मॅडम आल्या. साधा कुर्ता, पाठीवर सॅक, चेहरा प्रेमळ. पुण्याहून बदलून आलेल्या, बोलणं स्वच्छ. मागून ट्रेव्हर, गळ्यात शिट्टी. शिट्टी पाहणीच्या वेळी बरोबर असणं सक्तीचं आहे, असं आता कळवण्यात आलं होतं.

अंबिकाच्या खोलीत सोफा होता, त्यावर क्रोशाचं आच्छादन होतं, ओल आलेल्या भिंतीवर हिंदमाताच्या बाजारातून आणलेली नवी साडी पडद्यासारखी लावली होती. समोर कांदेपोहे, वर ओलं खोबरं. कप बशीसकट.

"वा, किती छान ठेवलंय तुम्ही!" श्रेया मॅडम म्हणाल्या आणि टॅबवर बोट फिरवलं.

ट्रेव्हरने अंबिकाकडे असं बघितलं की त्याची दुसरी अक्कलदाढ दुखायला लागली असावी.

"घरात कमावतं कोण?"

"हे. आणि मी पण." इथेही थांबता आलं असतं. "तसं व्यवस्थित आहे आमचं," अंबिका म्हणाली. हे वाक्य तिने ठरवलेलं नव्हतं. तिची आई हे म्हणायची, गिरणी बंद पडली त्या वर्षीसुद्धा म्हणायची. पाहुण्यापुढे तोंडातून ते आपोआप येतं, शिंक यावी तसं.

"काही अडचण?"

"छे, अडचण कसली. अजून पोहे घ्या ना. लाजू नका."

मॅडम अक्षदाकडे जायला वर निघाल्या, तेव्हा रघुदादाच्या माणसांनी सोफा मागच्या जिन्याने वर नेला. अंबिका निरोप द्यायला मागोमाग गेली आणि अक्षदाच्या दारात थिजली. मरून सोफा. वर क्रोशाचं आच्छादनसुद्धा तेच, घाईत काढायचं राहिलेलं. ताडपत्री काढली नव्हतीच, उलट तिच्यावर आतून चमकीच्या माळा लावल्या होत्या. अक्षदाने अंबिकाकडे बघितलं, अंबिकाने अक्षदाकडे. दोघींनी एकाच वेळी नजर फिरवली.

"तुमच्याकडेही तसाच सोफा!" मॅडम म्हणाल्या.

"आमच्या इथे सगळ्यांकडे हाच असतो," अक्षदा म्हणाली. घाबरली की ती खोटं मोठं बोलायची.

मॅडमनी टॅबवर काहीतरी लांबलचक लिहिलं.

उरली होती संघमित्रा. ठराव तिचा, भाषण तिचं. अंबिकाला वाटलं, ही तरी. पण संघमित्राच्या घरी फिश टँक होता. भाड्याने आणलेला, सहा सोनेरी मासे, बुडबुडे सुरू. भिंतीवर पदवीचं प्रमाणपत्र नव्या फ्रेममध्ये. फक्त सोफा अजून यायचा होता. तो गॅलरीच्या वळणावर अडकला होता. चार माणसं त्याला उभा, आडवा, तिरका करत होती आणि रघुदादा हलक्या आवाजात "लाइट घालवा, लाइट घालवा" म्हणत होता. बाहेर भर दुपार होती.

"हे काय?" श्रेया मॅडम थांबल्या.

वरून खाली सगळ्या गॅलऱ्यांमधून लोक वाकून बघत होते.

"डिलिव्हरी," रघुदादा म्हणाला. "नवीन घेतलाय यांनी."

ट्रेव्हरने नकळत शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली. ती नेमकी कशासाठी होती हे त्याला अजूनही माहीत नव्हतं, पण एवढं वाजवण्यासारखं पुन्हा काही घडेल असं त्याला वाटलं नसावं.

मॅडम गेल्यावर अंबिकाने संघमित्राला गाठलं. "मासे? संघमित्रा, मासे?"

"तुमच्याकडे पोह्यांवर खोबरं होतं!"

"ठराव तुझा होता."

"मला वाटलं तुम्ही दोघी आहात ना..." एवढं बोलून संघमित्रा फटकन वळून माशांची टाकी पुसायला लागली.

गुण आले बावीस.

ट्रेव्हर स्वतः कागद घेऊन आला. शेरा असा होता: ‘वस्तीत समाधानकारक सुबत्ता. घरांच्या सजावटीत उल्लेखनीय एकसारखेपणा, त्यावरून सामूहिक खरेदीची क्षमता दिसते. निरीक्षणाच्या वेळीच एका घरी नवीन फर्निचर दाखल होत होतं. शोभिवंत मत्स्यपालन आढळलं.’ शेवटच्या ओळीमुळे आणखी सहा गुण गेले होते. मत्स्यपालन हा जोडधंदा धरला जातो.

"परत बघायला बोलवा ना साहेब," अंबिका म्हणाली. "आता खरं दाखवतो. ओल दाखवतो. माझे गुडघे दाखवते."

"फेरपाहणी दोन वर्षांनी, ताई. पान दोनशे तीन." ट्रेव्हर पायरीवर बसला. "मी हेडऑफिसला फोन करून सांगितलं, सोफा एकच होता. ते म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं तर म्हणाले, म्हणजे गटाने बँकेची दिशाभूल केली. मग फेरपाहणी पाच वर्षांनी. म्हणून ते पत्र मी परत मागून घेतलं."

अंबिकाने त्याला पाणी दिलं. त्याच्यावर रागवावं असं तिला वाटत होतं, पण तो आधीच इतका खचून बसला होता की राग ठेवायला त्याच्यावर जागा नव्हती.

"मग वॉर्डातलं केंद्र कोणाला?"

ट्रेव्हरने ग्लास खाली ठेवला. "समोर."

समोर म्हणजे ‘ऑरेलिया हाइट्स’. सत्तावन्न मजले, गिरणीच्या जागेवर. त्याला एक्क्याऐंशी गुण पडले होते. वॉर्डात सर्वांत जास्त.

ते कसे पडले हे रात्रीचं जेवण वाढताना दीपककडून कळलं.

"पाहणीवाला पोरगा आला गेटवर," दीपक म्हणाला. "वर सोडायची परमिशन नाय. तर म्हणाला, नियमात लिहिलंय, आत जाऊ दिलं नाय तर जो माणूस रोज आठ तासांच्या वर जागेवर असतो त्याला रहिवासी धरायचं. तुम्ही किती तास असता? मी म्हणालो बारा. म्हणाला, झालं तर मग."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"जे आहे ते. पगार सांगितला. पाच माणसं, एक खोली, संडास कॉमन, भिंतीला ओल. बसायला खुर्ची आहे का विचारलं, मी म्हणालो सुपरवायझरने काढून घेतली." तो भातात आमटी कालवत होता. "मग ड्रायव्हर लोकांना विचारलं, कचरा उचलणाऱ्या मावशींना विचारलं. सगळ्यांनी खरं सांगितलं. पोरगा जाताना म्हणाला, एवढी वाईट परिस्थिती त्याने कुठेच बघितली नाय."

"अहो, हेच इथे सांगायचं होतं!"

"इथे मी कुठे होतो? तिथे होतो." मग तो म्हणाला, "आणि इथे असतो तर मी पण नसतं सांगितलं. घरी आलेल्या माणसाला असलं काय सांगायचं?"

अंबिकाने आमटी वाढली.

दिवाळी गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कमिटीचा सेक्रेटरी स्वतः येऊन शेगड्या मोजून गेला. व्यायामशाळेला कुरिअरवाल्याने निळं शटर बसवलं. अक्षदा कॉटन ग्रीनला एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली. दोघी गावाला गेल्या. संघमित्राने परळच्या ऑफिसांना मेल पाठवला की तांत्रिक कारणाने सेवा बंद आहे, आणि ऑफिसांनी दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा ॲपवरून चपात्या मागवायला सुरुवात केली. सात वर्षांच्या गिऱ्हाइकांपैकी फक्त एका खानावळीच्या मालकाचा फोन आला. तोही विचारायला की अंबिकाकडे त्याचे तीन डबे राहिलेत का.

डिसेंबरात ऑरेलियाच्या क्लबहाउसमध्ये केंद्राचं उद्‌घाटन झालं. वॉर्डातली सर्वांत वंचित वस्ती शोधल्याबद्दल ट्रेव्हरचा सत्कार होता. पण फोटोत लाभार्थी बायका हव्या होत्या आणि टॉवरमधून कोणी खाली आलं नाही. योगाचा क्लास होता. तेव्हा ट्रेव्हरने अंबिकाला फोन केला. "ताई, कशा तोंडाने बोलवू... पण या."

पाच जणी गेल्या. गेटवर दीपक होता. त्याने प्रत्येकीचा फोटो काढला, नाव विचारून लिहिलं, अंबिकाचंही विचारून लिहिलं, कारण वर सीसीटीव्ही होता. गळ्यात पास घातले. मालसामानाच्या लिफ्टने वर.

ओटा अगदी तसाच होता. काळा कडप्पा, वर टाइल्स. सहा शेगड्या, धुराडं, आणि कोपऱ्यात कणीक मळायचं मशीन, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. भिंतीवर सोसायटीची सूचना: फोडणी देऊ नये, तळू नये, बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश नाही. श्रेया मॅडमनी फीत कापली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी अंबिकाला ओळखलं आणि प्रेमाने विचारलं, "कसं चाललंय?"

"व्यवस्थित," अंबिका म्हणाली.

फोटो झाले, समोसे झाले, ते बाहेरून आणले होते. मग बाकीच्या लिफ्टकडे गेल्या आणि अंबिका मागे राहिली. तिने ओट्यासमोर उभं राहून पाहिलं. उंची बरोबर होती. कोपर वाकवलं की हात नेमके कडप्प्यावर येत होते, गुडघ्यांवर काहीच भार येत नव्हता. ती तशी उभी राहिली, बराच वेळ, हातात काही नसताना.

वॉकीटॉकी खरखरली आणि दारात दीपक आला. त्याने टोपी सरळ केली.

"टाइम झाला," तो म्हणाला. मग हात पुढे केला. "पास."

तिने गळ्यातून पास काढला. "उद्या येता येईल का हो? नुसतं. एखादा किलो लाटून बघायला."

दीपकने पास खिशात ठेवला, रजिस्टरमध्ये तिची बाहेर जायची वेळ लिहिली आणि सहीसाठी पेन तिच्यापुढे धरलं.

"उद्याचं माझ्या हातात नाय गं," तो म्हणाला. "इथे सही कर."